विद्यापीठ की डिग्री अप्रेंटिसशिप? इंग्लंडमधल्या मुलीसाठी सल्ला हवा आहे

निळावंती

नमस्कार. आम्ही चार वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडला आलो आणि सध्या रेडिंगजवळ राहतो. माझे यजमान स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत आणि मी व दोन्ही मुले त्यांच्यावर अवलंबित म्हणून येथे आहोत. थोरली मुलगी पुढच्या उन्हाळ्यात ए-लेव्हलच्या (म्हणजे इथल्या बारावीच्या) परीक्षा देईल. गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र हे तिचे विषय आहेत. आमच्या घरात आतापर्यंत एकच वाट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे तीन-चार वर्षांचे पूर्णवेळ विद्यापीठ. मात्र शाळेतल्या एका माहितीसत्रानंतर तिने डिग्री अप्रेंटिसशिपचा आग्रह धरला आहे. कंपनीत पगारी नोकरी करायची, त्याच काळात विद्यापीठाची पदवी घ्यायची आणि शुल्कापोटी एक पौंडही भरायचा नाही, हे तिने सांगितले तेव्हा आमचा प्रथम विश्वासच बसला नाही.

पैशांचा प्रश्न आमच्यासाठी लहान नाही. कायम वास्तव्याचा परवाना अजून हाती नसल्यामुळे विद्यापीठे तिला परदेशी विद्यार्थिनी धरतील असे दिसते. म्हणजे स्थानिक मुलांसाठी २०२५-२६ साली वर्षाला ९,५३५ पौंड ही शुल्काची कमाल मर्यादा असताना आम्हाला त्याच्या दुप्पट-तिप्पट रक्कम मोजावी लागेल आणि सरकारी शैक्षणिक कर्जही मिळणार नाही. तरीही केवळ पैसे वाचतात म्हणून तिला कमी दर्जाच्या शिक्षणाकडे ढकलणे आम्हाला पटत नाही. तिचे आजोबा दर रविवारी फोनवर विचारतात, की एवढे गुण मिळवणाऱ्या मुलीने अठराव्या वर्षी कारखान्यात कशाला जायचे. या पदवीला खरोखर तेवढेच मोल असते का, निवड कशी होते आणि नोकरी सांभाळून अभ्यास कितपत झेपतो, याविषयी ज्यांना जवळून माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

मिडलँड्सकर

आजोबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या वडिलांनीही तोच विचारला होता. मी एका यंत्रनिर्मिती कंपनीत अभियंता आहे आणि आमच्या विभागात येणाऱ्या अप्रेंटिस मुलामुलींच्या मुलाखतींना बसतो. आपल्या पिढीच्या मनात अप्रेंटिस म्हणजे आयटीआय करून आलेला टर्नर किंवा फिटर (त्या कामातही काही कमीपणा नाही, हे कंपनीत चार दिवस काढले तरी कळते). इंग्लंडमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या डिग्री अप्रेंटिसशिपमध्ये सहावी पातळी म्हणजे पूर्ण पदवी आणि सातवी म्हणजे पदव्युत्तर शिक्षण असते. या वाटेने आज स्थापत्य अभियंते, परिचारिका, पोलीस अधिकारी, सॉफ्टवेअर अभियंते आणि सॉलिसिटरही तयार होतात.

शुल्क कोण भरते, हे समजून घेतले तर बाकीची व्यवस्था आपोआप उलगडते. ज्या कंपनीचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांहून अधिक आहे, तिला एप्रिल २०१७ पासून त्या खर्चाच्या ०.५ टक्के इतका अप्रेंटिसशिप लेव्ही नावाचा कर भरावा लागतो. भरलेली रक्कम कंपनीच्या नावे एका खात्यात दिसते, ती अप्रेंटिसच्या प्रशिक्षणासाठी आणि परीक्षणासाठी वापरता येते आणि ठरलेल्या मुदतीत वापरली नाही तर हातची जाते. लहान कंपन्यांना हा कर नाही. त्यांच्या वतीने प्रशिक्षणाचा ९५ टक्के खर्च सरकार करते आणि अप्रेंटिस बावीस वर्षांच्या आतला असेल तर एप्रिल २०२४ पासून संपूर्ण खर्च करते. एका अप्रेंटिसच्या संपूर्ण अभ्यासक्रमासाठी या मार्गाने जास्तीत जास्त २७,००० पौंड मिळतात आणि विद्यापीठाला तेवढ्यात भागवावे लागते. थोडक्यात, कंपन्या एकाएकी उदार झालेल्या नाहीत. कर म्हणून गेलेला पैसा उपयोगात आणण्याचा हा त्यांचा मार्ग आहे, आणि त्यात मुलांचे भले होत असेल तर आपण तक्रार करण्याचे कारण नाही.

आता माझा खरा सल्ला. ही सर्वप्रथम नोकरी आहे, हे मुलीला आणि त्याहून अधिक स्वतःला बजावून सांगा. नेमणुकीचे पत्र कंपनी देते, विद्यापीठ कंपनीने आधीच ठरवलेले असते आणि मुलगी पहिल्या दिवसापासून कायद्याने कर्मचारी असते. त्यामुळे विद्यापीठांच्या क्रमवारीचे तक्ते घेऊन बसू नका; जाहिरातीतला व्यवसाय कोणता, त्यासाठी सरकारमान्य प्रशिक्षण-आराखडा कोणता आणि त्या कंपनीतली आधीची मुले आज कुठे आहेत, हे पाहा. सहाव्या पातळीच्या प्रत्येक अप्रेंटिसशिपमध्ये पदवी असतेच असे नाही. काहींच्या अखेरीस केवळ व्यावसायिक प्रमाणपत्र मिळते, म्हणून पदवीचे पूर्ण नाव आणि ती देणाऱ्या विद्यापीठाचे नाव लेखी मागून घ्यावे.

वेळापत्रकही विद्यापीठाच्या प्रवेशाहून वेगळे असते. मोठ्या कंपन्यांच्या जागा ए-लेव्हलच्या दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरपासूनच जाहीर होऊ लागतात आणि पुरेसे अर्ज आले की काही कंपन्या मुदतीपूर्वीच दार बंद करतात. सरकारी संकेतस्थळावर आणि यूकासवर (विद्यापीठप्रवेशाचे अर्ज स्वीकारणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर) जागा शोधता येतात. यूकासमधल्या विद्यापीठांच्या पाच पर्यायांना त्यामुळे धक्का लागत नाही, म्हणून दोन्हीकडे अर्ज करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. पुढे ऑनलाइन चाचण्या, ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत आणि शेवटी दिवसभराचे निवडकेंद्र असते. चांगले गुण असलेली मुले तिथे पुष्कळ येतात आणि त्यांतली निम्मीअधिक शाळेच्या प्रकल्पापलीकडे काही सांगू शकत नाहीत. बंद पडलेला मिक्सर उघडून पाहिला, तो दुरुस्त झाला नाही आणि का झाला नाही, असे नीट सांगणारी मुलगी माझ्या लक्षात राहते.

गोदाकाठ

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शिकवते आणि माझ्या वर्गात पूर्णवेळ विद्यार्थी व अप्रेंटिस दोघेही असतात. पदवीच्या मोलाविषयी शंका नसावी. पदवी विद्यापीठच देते आणि तिच्या प्रमाणपत्राला पुढे कुठेही तेवढाच मान असतो. त्याशिवाय शेवटी एक स्वतंत्र परीक्षण असते, ज्यात या व्यक्तीला प्रत्यक्ष काम येते का हे तपासले जाते. काही अभ्यासक्रमांत ते पदवीतच गुंफलेले असते, तर काहींत पदवीनंतर वेगळे होते.

अभ्यास झेपतो का, याचे उत्तर कंपनीनुसार बदलते. नियम असा आहे की प्रशिक्षण पगारी कामाच्या वेळेतच झाले पाहिजे. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२५ या काळात पूर्णवेळ अप्रेंटिससाठी आठवड्याला किमान सरासरी सहा तास हा त्याचा पाया धरला जात असे. काही ठिकाणी आठवड्यातला एक दिवस विद्यापीठासाठी राखलेला असतो, तर काही ठिकाणी सत्रातून दोन-तीन वेळा सलग एकेक आठवडा विद्यापीठात काढायचा असतो. कागदावर हे पुरेसे वाटते. प्रत्यक्षात निबंध, परीक्षेची तयारी आणि शिकलेले कामात कुठे वापरले याच्या पुराव्यांची फाइल यांसाठी शनिवार-रविवार खर्ची पडतातच. ही फाइल अनेकांना नकोशी वाटते. गणिताच्या परीक्षेत सहज उत्तीर्ण होणारी मुले दर महिन्याला चार पाने लिहायची म्हटली की टाळाटाळ करतात आणि शेवटच्या वर्षी त्या आळसाची सव्याज परतफेड करतात.

माझ्या निरीक्षणानुसार हुशारीपेक्षा थेट वरिष्ठावर अधिक अवलंबून असते. ज्या वरिष्ठाला विद्यापीठाचा दिवस हा कामाचाच भाग वाटतो, त्याच्या हाताखालची मुले तरून जातात. ज्याला तो कामचुकारपणा वाटतो, तो नेमका त्याच दिवशी महत्त्वाची बैठक ठेवतो. म्हणून मुलाखतीत मुलीने निःसंकोच विचारावे की सध्याच्या अप्रेंटिसशी मला बोलता येईल का. चांगली कंपनी आनंदाने होकार देते.

मिडलँड्सकरांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. विद्यापीठाकडे लक्ष देऊ नका, हा सल्ला मला घाईचा वाटतो. अठराव्या वर्षी व्यवसाय ठरवण्याइतकी स्पष्टता किती मुलांकडे असते? पूर्णवेळ विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर शाखा बदलू शकतो. अप्रेंटिसला मात्र व्यवसाय बदलायचा तर बहुधा नोकरीच बदलावी लागते. मुलीला भौतिकशास्त्र हा विषय म्हणून आवडत असेल आणि पुढे संशोधनाचा विचार मनात असेल, तर ही वाट तिच्यासाठी नाही, असे मी स्पष्ट सांगेन, मग त्यात कितीही पैसे वाचोत. पूर्वी आम्ही अशा मुलांना सांगत असू की पदवीनंतर कंपनीच्याच लेव्हीतून सातव्या पातळीचे पदव्युत्तर शिक्षण घेता येईल. जानेवारी २०२६ पासून काही अपवाद वगळता सातव्या पातळीसाठीचा हा निधी १६ ते २१ वयोगटात सुरुवात करणाऱ्यांपुरताच उरला आहे. शाळेतून थेट सॉलिसिटर होण्याच्या सहा वर्षांच्या मार्गाला त्यामुळे बाधा येत नाही, परंतु पदवी संपेपर्यंत बाविशी गाठणाऱ्यांना तो आधार राहिलेला नाही.

वसतिगृह, मित्रमंडळी, उन्हाळ्याची लांब सुट्टी यांचाही विचार व्हावा. कायद्याने मिळणारी किमान पगारी रजा सार्वजनिक सुट्ट्या धरून वर्षाला २८ दिवस असते; पुण्याला महिनाभर जाण्याची सवय असेल तर ती मोडेल. काही ठिकाणी मात्र समवयस्कांचा मोठा गट एकत्र असतो. विल्टशायरमध्ये माम्सबरी येथे डायसन या घरगुती उपकरणांच्या कंपनीने २०१७ साली सुरू केलेल्या संस्थेत विद्यार्थी कंपनीच्याच आवारात राहतात, पगार घेतात आणि अभियांत्रिकीची पदवी मिळवतात. लहान गावातल्या कार्यालयात एकटीच अप्रेंटिस म्हणून रुजू होणे हा याच्या अगदी उलट अनुभव असतो, आणि जाहिरातीवरून हा फरक कळत नाही.

निळावंती

दोघांचे मनापासून आभार. संशोधनाविषयी तिला विचारले. तिला वस्तू बनवण्यात रस आहे, सिद्धांतात तितकासा नाही, असे तिने सांगितले. ते कितपत पक्के आहे हे पुढचे वर्षच सांगेल. आता दोन अडचणी उरतात. आमच्या व्हिसावर तिला हे करता येईल का? आणि कंपनीने मध्येच कर्मचारीकपात केली, किंवा मुलीनेच नोकरी सोडली, तर झालेला खर्च आमच्याकडून वसूल होईल का? भारतात बॉण्ड लिहून घेतात, त्यामुळे ही धास्ती वाटते.

दोन_गावे

अप्रेंटिसशिपच्या प्रवेशांची कागदपत्रे तपासणे हेच माझे काम असल्याने या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. इंग्लंडच्या निधीनियमांनुसार, शिक्षणाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी देशात राहण्याची परवानगी असलेली आणि अप्रेंटिसशिप सुरू होण्यापूर्वी सलग तीन वर्षे येथे सामान्यतः वास्तव्य केलेली व्यक्ती पात्र ठरू शकते. स्किल्ड वर्करवर अवलंबित असलेल्यांना नोकरी करण्याची मुभा असते. म्हणजे ज्या मुलीला विद्यापीठ शुल्कासाठी परदेशी मानते, तीच मुलगी अप्रेंटिस म्हणून पात्र ठरू शकते. आपल्या समाजातल्या पुष्कळ पालकांपर्यंत हे पोहोचतच नाही आणि कित्येक जण घर गहाण ठेवण्यापर्यंत जातात, म्हणून हे ठळकपणे लिहीत आहे.

यात दोन अडसर येऊ शकतात. आपल्या व्हिसाची मुदत किती उरली आहे हे कंपनी आणि विद्यापीठ दोघेही पाहतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि मुदत दीड वर्षाची असेल, तर नूतनीकरण किंवा कायम वास्तव्याचा अर्ज कधी करणार आहात हे सांगण्याची तयारी ठेवावी. दुसरे म्हणजे संरक्षण, अणुऊर्जा आणि काही सरकारी कामांच्या जागांसाठी सुरक्षा-पडताळणी लागते. तिच्यासाठी बहुधा पाच वर्षांच्या वास्तव्याची अपेक्षा असते आणि काही जागा तर केवळ ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव असतात. अशा जाहिराती आधीच बाजूला ठेवल्या तर मुलीची निराशा टळेल. हे सर्व इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंडमध्ये ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप नावाची स्वतंत्र योजना आहे आणि वेल्सचेही नियम वेगळे आहेत.

वसुलीची धास्ती सोडून द्या. प्रशिक्षणाचा आणि परीक्षणाचा खर्च अप्रेंटिसकडून घेण्यास निधीनियमांची मनाई आहे, आणि तिने मध्येच नोकरी सोडली तरी तो मागता येत नाही. करारात तसे कलम दिसले तर विद्यापीठाच्या अप्रेंटिसशिप विभागाला लगेच दाखवा. कपातीत नोकरी गेली तर नवी कंपनी शोधण्यासाठी बारा आठवड्यांपर्यंत प्रशिक्षण चालू ठेवता येते. अभ्यासक्रमाचा ७५ टक्के भाग झाला असेल किंवा शेवटचे सहा महिनेच उरले असतील, तर नवी कंपनी न मिळताही तो पूर्ण करण्याचा खर्च सरकार उचलते. खरी अडचण दुसऱ्या वर्षी नोकरी गेलेल्यांची होते, कारण तोच व्यवसाय, तेच विद्यापीठ आणि जाण्यायेण्याजोगे अंतर हे तिन्ही जमणारी कंपनी तीन महिन्यांत सापडणे सोपे नसते.

कृष्णाकाठ

मी सांगलीहून वाचत आहे. माझा भाचा बारावीला आहे आणि इंग्लंडमधल्या या योजनेविषयी त्याने कुठेतरी ऐकले आहे. वरच्या उत्तरावरून असे समजतो की विद्यार्थी व्हिसावर येऊन हे करता येणार नाही. आमच्या शहरातल्या एका सल्लागाराने त्याला याच्या अगदी उलट सांगून नोंदणीशुल्क मागितले होते, म्हणून खात्री करून घेत आहे.

भारतातही याच धर्तीची एक वाट आहे, तिची नोंद येथे असावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२५ साली नव्याने प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार पदवीची काही सत्रे कंपनीत काम करून पूर्ण करता येतात आणि त्या कामाचे श्रेयांक मिळतात. कायदा मात्र १९६१ चा अप्रेंटिस कायदा हाच आहे, आणि त्याच्या अठराव्या कलमानुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. म्हणून मिळते ते विद्यावेतन. २०१९ च्या सुधारित नियमांत पदवीच्या अप्रेंटिससाठी ते महिना किमान ९,००० रुपये ठरवले होते आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत किमान रकमेचा निम्मा भाग केंद्र सरकार देते. इंग्लंडमध्ये पहिल्या दिवसापासून कर्मचारी, आणि आपल्याकडे शेवटच्या दिवसापर्यंत प्रशिक्षणार्थी, हा फरक मला सर्वांत मोठा वाटतो.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला काम करत शिकण्यात नवल वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले ते ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर, आणि माझ्या काकांनी तिथे खोऱ्या-फावड्याने काम करत पदवी घेतली. फरक असा की ते श्रम शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी होते, त्यांचा अभ्यासाच्या विषयाशी संबंध नव्हता.

दोन_गावे

कृष्णाकाठ, आपण बरोबर समजलात. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला इंग्लंडमध्ये अप्रेंटिसशिप करता येत नाही. भाच्याने त्या सल्लागाराला एक रुपयाही देऊ नये.

पाऊसवेडी

मी या चर्चेतली बहुधा सर्वांत लहान सदस्य असेन. संगणक क्षेत्रातली डिग्री अप्रेंटिसशिप मी अलीकडेच पूर्ण केली आणि त्याच कंपनीत कायम झाले, म्हणून ताईंना पैशांची व्यावहारिक बाजू सांगते. ती जाहिरातीत नसते.

अप्रेंटिससाठी कायद्याने ठरलेले किमान वेतन एप्रिल २०२५ पासून ताशी ७.५५ पौंड होते आणि एप्रिल २०२६ पासून ते ८ पौंड आहे. हा दर पहिल्या वर्षापुरता किंवा एकोणीस वर्षे पूर्ण होईपर्यंतच लागू असतो, त्यानंतर वयानुसारचे किमान वेतन द्यावे लागते. मोठ्या कंपन्या सुरुवातीपासूनच याहून पुष्कळ अधिक देतात. शैक्षणिक कर्ज डोक्यावर नसते, ही जमेची बाजू फार मोठी आहे. माझ्या ज्या मैत्रिणी २०२३ नंतर विद्यापीठात गेल्या, त्यांच्या वार्षिक उत्पन्नातून २५,००० पौंडांवरच्या रकमेच्या ९ टक्के दराने कर्जाची कपात होत राहील आणि ती चाळीस वर्षांपर्यंत चालू शकते.

मात्र अप्रेंटिसला निर्वाहासाठीचे कर्ज मिळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या वसतिगृहात खोलीही मिळत नाही. माझी पहिली नेमणूक घरापासून दूर होती. खोली भाड्याने घेताना घरमालकाने तीन महिन्यांच्या पगारपत्रकांची मागणी केली, जी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कोणाकडेच नसतात. अखेर आईला जामीन राहावे लागले. कौन्सिल टॅक्समध्ये (म्हणजे घरावरच्या स्थानिक करात) पूर्णवेळ विद्यार्थ्यांना मिळणारी सूट अप्रेंटिसला आठवड्याचा पगार १९५ पौंडांहून अधिक नसेल तरच मिळते. कोणताही बरा पगार या मर्यादेच्या वर जातो, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या घरात पाचवी म्हणून राहायला गेलात तर त्या घराची पूर्ण माफी तुमच्यामुळे जाते, आणि तो कर कोणी भरायचा यावरून वाद होतात. रेडिंगहून रोज जाता येईल अशी कंपनी मिळाली, तर पहिली दोन वर्षे तिने घरीच राहावे. विद्यापीठ दुसऱ्या शहरात असेल तर तिथल्या आठवड्यांचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च कोण करणार, हे मात्र नेमणूकपत्रावर सही करण्याआधी लेखी विचारून घ्यावे.